दिवाळीनंतर बदललेला एसएमपीएस: कोर्सेअर सीएक्स ५५०, वापरानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीनंतर घरच्या डेस्कटॉपचा एसएमपीएस (आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) बदलला. कोर्सेअरचा सीएक्स ५५० घेतला, ५५० वॅटचा, ८० प्लस ब्रॉन्झ (वीज किती कमी वाया जाते त्याचा दर्जा). त्यानंतर थंडी गेली, उन्हाळा गेला, वळीव कोसळून गेला आणि आता साताऱ्यात पावसाची झड लागली आहे. एसएमपीएसबद्दल पहिल्या आठवड्यात लिहिण्यात अर्थ नसतो, नवा असताना कुठलाही चालतो. म्हणून इतके महिने थांबले.

मशीन साधंच आहे. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, सोळा जीबी रॅम, जीटीएक्स १६५० ग्राफिक कार्ड, एक एसएसडी आणि एक जुनी हार्ड डिस्क. दिवसभर मी त्यावर डीटीपी करते: लग्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल. रात्री मुलगा गेम खेळतो. तुळशीचं लग्न झालं की पत्रिकांची झुंबड उडते, आणि नेमका त्याच्या तोंडावर जुन्या एसएमपीएसने दगा द्यायला सुरुवात केली.

आधी सकाळचा त्रास. बटण दाबलं की पंखे एक गिरकी घ्यायचे आणि बंद. पुन्हा दाबायचं, पुन्हा तेच. काही वेळाने कधीतरी चालू व्हायचं आणि मग दिवसभर कुरकुर नाही. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. एसएमपीएसमधले कपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारे छोटे भाग) जुने झाले की थंड असताना जास्त अडतात आणि जरा तापले की कामाला लागतात, म्हणून थंडीच्या सकाळी हा दोष आधी दिसतो. पुढे गेम खेळताना मशीन आपोआप रीस्टार्ट व्हायला लागलं. निळी स्क्रीन नाही, कसला मेसेज नाही, एकदम अंधार. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ एवढीच नोंद. मशीन नीट बंद न होता गेलं, इतकंच ती नोंद सांगते. कशामुळे गेलं ते तिला ठाऊक नसतं. एका दुकानात विंडोज फॉरमॅट करायला सांगितलं, दुसऱ्या ठिकाणी रॅम बदला म्हणाले. एसएमपीएसचं नाव कोणी काढलं नाही.

माझे धाकटे दीर टीव्ही दुरुस्तीचं काम करतात, त्यांचा मल्टिमीटर आणला. हार्ड डिस्कसाठी मोठी चार पिनची जी वायर येते तिच्या मोकळ्या टोकात पिवळ्या आणि काळ्या तारेवर पिना टेकवल्या आणि मुलाला गेम चालू करायला सांगितलं. एटीएक्सच्या (डेस्कटॉपच्या एसएमपीएससाठी ठरलेल्या मानकाच्या) नियमाप्रमाणे बारा व्होल्टची लाइन ११.४० ते १२.६० च्या आत राहिली पाहिजे. रिकाम्या मशीनवर ११.८ दिसत होतं. गेम लोड होताना आकडा खाली सरकायला लागला, ११.३ ला आला आणि स्क्रीन गेली. यापेक्षा स्पष्ट पुरावा काय हवा? एक मात्र सांगते, मल्टिमीटरवर आकडा बरोबर आला म्हणून एसएमपीएस चांगलाच, असं धरू नका. मल्टिमीटर फक्त सरासरी दाखवतो. एसएमपीएसमधून येणाऱ्या डीसी विजेवर जी लहर उरते (बारा व्होल्टवर १२० मिलिव्होल्टपर्यंत चालते) ती बघायला ऑसिलोस्कोपच लागतो.

मग जुना एसएमपीएस काढून त्याचं लेबल वाचलं. प्रत्येकाने आपल्याकडचं लेबल एकदा वाचावं असं मला मनापासून वाटतं. मोठ्या अक्षरात ‘४५० वॅट’. खाली बारीक अक्षरातल्या तक्त्यात बारा व्होल्टच्या रकान्यात १४ ॲम्पिअर. बारा गुणिले चौदा म्हणजे १६८ वॅट! आजच्या मशीनमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड, दोघांचं मुख्य खाणं बारा व्होल्टवरच असतं. बाकीचे वॅट तीन आणि पाच व्होल्टच्या लाइनींवर दाखवलेले, ज्यांना आता फारसं कामच उरलेलं नाही. माझा प्रोसेसर ६५ वॅटचा, कार्ड ७५ वॅटचं, आणि दोघंही क्षणभरासाठी त्याहून जास्त ओढतात. वर डिस्क, पंखे, बोर्ड. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला तो एसएमपीएस इतकी वर्षं कायम ताणावर चालत होता. सीएक्स ५५० च्या लेबलवर बारा व्होल्टच्या एकाच लाइनवर जवळजवळ पूर्ण ५५० वॅट मिळतात. खरेदी करताना आधी हा रकाना बघा, खोक्यावरचा मोठा आकडा नंतर.

दिरांनी जुना उघडला. “वहिनी, हे बघा,” म्हणून त्यांनी टॉर्च धरला. आउटपुटच्या बाजूला चार कपॅसिटर शेजारी शेजारी उभे होते. त्यांतल्या तिघांची डोकी टम्म फुगलेली, एकाच्या डोक्यावरची खाच उलून तपकिरी रस वाळलेला. हे तुम्ही घरी करू नका. २३० व्होल्टची लाइन आत डीसी झाली की सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास जाते आणि ती मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही काही काळ साठून राहू शकते. दिरांनी आधी तो सुरक्षित रिकामा केला, मगच हात घातला.

नवा पुण्यातून आणला, साडेचार हजारांच्या आसपास पडला, जीएसटीच्या बिलावर सीरियल नंबर लिहून घेतला. पाच वर्षांची वॉरंटी आहे आणि त्या बिलाशिवाय तिला किंमत नाही. हातात घेतल्याबरोबर वजनातला फरक जाणवतो.

बसवण्याचं काम अवघड नाही, सावकाश करण्याचं आहे. आधी सगळ्या वायरींचे मोबाइलवर फोटो काढले. प्लग काढून पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरलं. मागचे चार स्क्रू, मग चोवीस पिनचा मोठा कनेक्टर. त्याची क्लिप घट्ट बसलेली असते. ती दाबून धरायची, दुसऱ्या हाताने मदरबोर्डाला आधार द्यायचा आणि सरळ वर ओढायचं. हिसका दिला तर बोर्ड वाकतो. सर्वांत जपायची जागा म्हणजे प्रोसेसरची आणि ग्राफिक कार्डची आठ पिनची वायर. दिसायला जुळ्या बहिणी. प्रोसेसरची चार अधिक चार अशी फुटते, कार्डची सहा अधिक दोन. खाचांचे आकार वेगळे असतात, त्यामुळे सहज गेली नाही तर जोर लावायचा नाही, वायर बदलून बघायची. पंख्याचं तोंड कुठे करायचं हे कॅबिनेटवर ठरतं. तळाला जाळी असेल तर खाली, नसेल तर वर.

सीएक्स ५५० च्या वायरी एसएमपीएसला कायमच्या जोडलेल्या असतात. नको असलेल्या कुठे लपवायच्या हा प्रश्न छोट्या कॅबिनेटमध्ये येतोच. मी त्या हार्ड डिस्कच्या रिकाम्या खणात झिप टायने बांधल्या. ज्यांना सुट्या वायरींचा मॉडेल घ्यायचा आहे त्यांनी जुन्या एसएमपीएसच्या वायरी नव्याला कधीही लावू नयेत. एसएमपीएसकडच्या टोकाची पिनांची जुळणी कंपनीगणिक वेगळी असते आणि एका चुकीच्या वायरीत डिस्क जळते.

नवा बसवल्यावर बारा व्होल्टची लाइन गेम चालू असतानाही १२.०५ च्या आसपास राहिली. सकाळी पहिल्या बटणाला मशीन सुरू. तेव्हापासून आजपर्यंत एकही आपोआप रीस्टार्ट नाही.

एक गोष्ट मात्र राहिली होती. कॅबिनेटच्या पत्र्याला अनवाणी पायाने हात लावला की झिणझिण्या यायच्या, आणि नवा बसवूनही त्या तशाच. घरातल्यांना वाटलं नवा पीसही खराब. तसं नसतं. चांगल्या एसएमपीएसमध्ये लाइनवरचा गोंगाट गाळायला छोटे कपॅसिटर असतात, ते फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून पत्र्याला जोडलेले. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर अर्धा व्होल्टेज तरंगतो. करंट अगदी किरकोळ असतो, पण झिणझिणी येते. वायरमनला बोलावून भिंतीवरचा स्विचबोर्ड उघडला, तर तिसऱ्या भोकाच्या मागे तारच जोडलेली नव्हती. ती जोडल्यावर झिणझिण्या गेल्या. तुमच्याकडे असं होत असेल तर एसएमपीएस परत करायच्या आधी अर्थिंग तपासा. काम थोड्या पैशांचं आहे आणि जिवाशी संबंध असलेलं आहे.

आता इन्व्हर्टर, कारण माझ्यासाठी खरी परीक्षा तीच होती. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी आभाळ भरून आलं की लाईट जाते, येते, पुन्हा जाते. जुन्या एसएमपीएसवर लाईट आणि इन्व्हर्टरच्या प्रत्येक अदलाबदलीला मशीन बसायचं आणि सेव्ह न केलेलं पान जायचं. लाईट गेल्यावर एसएमपीएसने आतल्या साठ्यावर साधारण १६ मिलिसेकंद तग धरावी अशी एटीएक्सची अपेक्षा असते. जुन्याचा साठाच आटलेला होता. इन्व्हर्टरच्या मागे बहुतेकदा एक छोटं बटण असतं, यूपीएस मोड आणि साधा मोड. साध्या मोडमध्ये अदलाबदलीला वेळ जास्त लागतो, म्हणून यूपीएस मोडवर ठेवलं. या मोसमात वळवाच्या पावसात मी सलग पत्रिकांचं काम केलं. ट्यूबलाइट पापणी मिटायची, मशीन चालूच. ऐन लग्नसराईत याची किंमत माझ्यासारखीलाच कळेल. आमचा इन्व्हर्टर साइन वेव्हचा आहे. स्क्वेअर वेव्हचा असेल तर जपून, कारण आजच्या चांगल्या एसएमपीएसमधलं पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट काही वेळा त्या चौकोनी लहरीशी जमवून घेत नाही आणि मशीन बंद पडतं. आधी कोणाकडून तरी असा एसएमपीएस मागून आणून जोडून बघा.

उन्हाळ्यात खोली चांगलीच तापली तेव्हा एसएमपीएसमधून येणारी हवा कोमट होती, गरम नव्हती. दिवसाच्या माझ्या कामात त्याच्या पंख्याचा आवाज येत नाही. रात्री गेम चालू असेल तेव्हा कार्डाचाच पंखा इतका ओरडतो की याचा वेगळा सांगता येणार नाही. मेअखेरीस ब्लोअर मारून धूळ काढली, पंख्याचं पातं बोटाने धरून, म्हणजे तो उलटा भन्नाट फिरत नाही.

वीजबिलाबद्दल खूप लोक विचारतात. जुना सत्तर टक्के कार्यक्षम आणि नवा पंच्याऐंशी धरला, दीडशे वॅटचा लोड आणि रोजचे सहा तास धरले, तर महिन्याला सातेक युनिट वाचतात. चांगलंच आहे, पण तेवढ्यासाठी धडधाकट एसएमपीएस काढू नका.

फक्त टायपिंग आणि इंटरनेटसाठी मशीन असेल, वेगळं ग्राफिक कार्ड नसेल, तर ५५० वॅटची गरज नाही. नावाजलेल्या कंपनीचा ४५० वॅटचा पुरेल. मी ५५० घेतला कारण मुलाचं आरटीएक्स ३०६० चं चाललं आहे. ते कार्ड १७० वॅटचं आणि त्यासाठी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवलेला आहे. सहा अधिक दोन पिनची वायर खणात बांधून ठेवलेली आहे. बारावीचा निकाल लागला की बघू.