हार्ड डिस्कचं हेड पार्क होऊ द्यावं की थांबवावं? १२८ विरुद्ध २५४

लॅपटॉपमधली फिरती हार्ड डिस्क अजून ठणठणीत आहे आणि ती आणखी काही वर्षं चालवायची आहे, अशांसाठी हे लिहितोय. एसएसडी घ्यायचं ठरलंच असेल तर जरूर घ्या. तिच्यात फिरती तबकडीही नाही आणि तबकडीवर लिहिणारं-वाचणारं हेडही नाही, त्यामुळे पुढचा सगळा प्रश्नच मिटतो. माझ्याकडे मात्र एक टेराबाइटची, मिनिटाला ५४०० फेऱ्यांची डिस्क आहे. पुस्तकांची मांडणी आणि प्रुफं हे माझं काम असल्यामुळे तिच्यावर रोज सहा तास तरी लिहिणं-पुसणं चालतं. गाव अकोला. मे महिन्यात दुपारी बाहेर पारा ४४-४५ वर असतो, त्यामुळे डिस्कच्या तापमानाकडे दुर्लक्ष करून मला चालत नाही.

निवड करायची आहे ती एपीएमच्या, म्हणजे डिस्कने वीज कितपत वाचवायची ते ठरवणाऱ्या सेटिंगच्या, पातळीची. १२७ पर्यंतच्या पातळ्यांवर डिस्कला फिरणंच थांबवायची मुभा असते. १२८ पासून तबकड्या फिरत राहतात, पण जरा उसंत मिळाली की हेड उचलून कडेच्या रॅम्पवर, म्हणजे टेकूवर, ठेवलं जातं. यालाच हेड पार्क होणं म्हणतात. २५४ वर ही उठबस जवळपास बंद होते. २५५ म्हणजे एपीएम पूर्ण बंद, पण ते सगळ्या डिस्क मानत नाहीत. मधला १९२ मी लावून पाहिला, माझ्या डिस्कवर तो १२८ सारखाच वागला. तेव्हा खरी लढत १२८ आणि २५४ यांच्यातच आहे.

आधी १२८ च्या बाजूने बोलतो, कारण ती बाजू कमकुवत नाही. हेड रॅम्पवर असलं की डिस्क कमी तापते आणि बॅटरीही थोडी वाचते. त्याहून मोलाचं म्हणजे धक्क्यापासून बचाव. लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्क चालू असताना साधारण ३५० ते ४०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या तितक्या पट) इतका धक्का सोसतात, बंद असताना, जेव्हा हेड रॅम्पवरच असतं, १००० जी पर्यंत. लॅपटॉप चालू ठेवून या खोलीतून त्या खोलीत नेणारे, एसटीत मांडीवर उघडून बसणारे, घरात लहान मूल असणारे यांच्यासाठी हा फरक किरकोळ नाही.

मग मी १२८ का सोडलं?

२०१९ मध्ये एकदा स्मार्टची, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिची, आकडेवारी सहज काढून पाहिली. लॅपटॉप अडीच वर्षांचा होता. डिस्क एकूण ५,१०० तास चाललेली, आणि १९३ क्रमांकाचा आकडा, म्हणजे हेड किती वेळा रॅम्पवर चढलं-उतरलं त्याची मोजदाद, ४ लाख १२ हजारांवर गेलेली. तासाला ऐंशी वेळा. लॅपटॉपच्या बहुतेक डिस्कसाठी कंपन्या ही मर्यादा ६ लाखांची सांगतात. माझ्या वापराच्या गतीने ती सव्वा वर्षात ओलांडली असती. ६ लाख झाले की डिस्क त्याच दिवशी बंद पडते असं अर्थातच नाही. मर्यादा ओलांडून सुखाने चाललेल्या डिस्कही असतात. पण झीज कुठल्या दिशेने चालली आहे ते दिसलं.

कारण साधं आहे. माझी डिस्क आठ-दहा सेकंद रिकामी बसली की हेड पार्क करते. माझ्या लॅपटॉपवरचा लिनक्स तर बारीकसारीक लेखन मेमरीत साठवून साधारण अर्ध्या मिनिटाने डिस्कवर उतरवतो. त्यामुळे डिस्कचा डोळा लागतो न लागतो तोच तिला उठवलं जातं. दिवसभर हेच. हा प्रश्न नवा नाही, २००७ साली उबुंटू हा लिनक्सचा प्रकार वापरणाऱ्यांमध्ये यावरून बरीच खळबळ झाली होती.

तरीही खरं सांगायचं तर आकड्यांनी माझा निर्णय झाला नाही. तो आवाजाने झाला. एका रात्री वीज गेली, पंखा थांबला, घरातले सगळे झोपलेले. मी बॅटरीवर शेवटची प्रुफं तपासत होतो. त्या शांततेत डाव्या तळहाताखालून आवाज यायला लागला. टक्. मग थोडी शांतता. पुन्हा टक्. दिवसा पंख्याच्या घरघरीत तो कधी जाणवला नव्हता. त्यात एकेका दुरुस्तीनंतर फाईल जतन करायची मला सवय. बटण दाबलं की टक्, आणि कर्सर क्षणभर जागच्या जागी गोठतो. मधल्या वेळात टाईप केलेली तीन-चार अक्षरं मग एकदम पडद्यावर उमटतात. अर्ध्या सेकंदाचा हा प्रकार आहे, मान्य. पण प्रुफं वाचताना नजर एका ओळीवर धरलेली असते. ती दर मिनिटाला अशी निसटायला लागली की ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका हातून सुटतात. त्या रात्री दोन सुटल्या, आणि पुस्तक छापून आल्यावर मला दिसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी २५४ लावलं.

फरक पहिल्या तासातच कळला. टक् बंद, अडखळणं बंद. १९३ चा आकडा पुढच्या अख्ख्या वर्षात सहा हजारही वाढला नाही. आधी तेवढा तो बारा-तेरा दिवसांत वाढत होता.

आता २५४ ची किंमत. ती उष्णतेत मोजावी लागते, आणि माझ्यासारख्या विदर्भातल्या माणसाला ती उन्हाळ्यात चांगलीच जाणवते. १२८ वर मे महिन्यात डिस्क ४७-४८ अंशांवर असायची. २५४ वर ती ५२-५३ वर जाऊन बसली. डाव्या तळहाताखालचं प्लॅस्टिक कोमट होतं ते चक्क गरम लागायला लागलं. घामाने कडेची अक्षरं पुसट होतील की काय असं वाटायचं. अशा डिस्कची वरची मर्यादा बहुधा ६० अंशांची असते, म्हणजे हद्दीत होतो, पण निर्धास्त नव्हतो.

कूलिंग पॅड आणून पाहिला. आवाज भरपूर, गुण एखाद्या अंशाचा. लॅपटॉप उलटा केल्यावर कारण कळलं: पॅडचे पंखे मधोमध वारा मारत होते आणि डिस्क होती पुढच्या कोपऱ्यात, भोक नसलेल्या सलग झाकणाखाली. प्रोसेसर थंड झाला, डिस्कला वारा लागलाच नाही. तुमच्या लॅपटॉपला डिस्कखाली जाळी असेल तर अनुभव वेगळा येईल. मला उपयोग झाला तो दोन खोडरबरांचा. मागच्या दोन्ही कोपऱ्यांखाली एकेक ठेवलं, लॅपटॉप थोडा उतरता झाला, खालून हवा खेळायला लागली आणि तीन अंश उतरले. तेव्हापासून मे महिन्यातही ५० च्या फार वर जात नाही. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवायचं मात्र पूर्ण सोडलं. कूलरच्या थेट झोतातही ठेवत नाही, ती हवा ओली असते. झाकण उघडून डिस्कवर काही चिकटवायचा विचार असेल तर तिच्यावरचं हवेचं छोटं छिद्र झाकू नका, तसं तिथे लिहिलेलंही असतं.

पाच अंशांची ही वाढ मी का स्वीकारली तेही सांगतो. गूगलच्या तीन जणांनी २००७ मध्ये आपल्याकडच्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास मांडला होता. अतिउच्च तापमान सोडलं तर उष्णता आणि बिघाड यांचं नातं आपण समजतो तितकं घट्ट नाही, असं त्यात दिसलं. पहिली स्कॅन एरर (तबकडी तपासताना सापडणारी चूक) दिसलेली डिस्क मात्र पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता तशी एरर नसलेल्या डिस्कच्या ३९ पट निघाली. त्या सर्व्हरमधल्या डिस्क होत्या, तेव्हा हे निष्कर्ष अडीच इंची डिस्कला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरी माझी नजर तापमानावरून हटून ५, १९७ आणि १९८ या तीन आकड्यांवर गेली ती त्यामुळेच: बदललेले सेक्टर (तबकडीवरचे साठवणीचे छोटे तुकडे), लटकलेले सेक्टर आणि वाचताच न आलेले सेक्टर. हे शून्यावर आहेत तोवर ५० अंशांनी माझी झोप उडत नाही. त्याच अभ्यासातली एक गोष्ट विसरू नये: बंद पडलेल्या निम्म्याहून अधिक डिस्कनी या धर्तीच्या महत्त्वाच्या आकड्यांतून आधी काहीच इशारा दिला नव्हता. म्हणून कामाच्या फायलींची दुसरी प्रत मी रोज रात्री वेगळ्या डिस्कवर घेतो. १२८ असो की २५४, त्यात सूट नाही.

लावण्याच्या कटकटीत दोन्ही सारखे नाहीत, हे मान्य करावं लागेल. १२८ ला काहीच करावं लागत नाही, माझा लॅपटॉप त्याच पातळीवर आला होता. २५४ लिनक्समधल्या एचडीपार्म या आज्ञेने एका ओळीत लागतं, पण लॅपटॉप झोपवून उठवला की माझी डिस्क सगळं विसरून मूळ पातळीवर जायची. महिनाभर मी हे हाताने करत होतो. मग टीएलपी हा वीजवापर सांभाळणारा प्रोग्रॅम बसवला, त्यात चार्जर आणि बॅटरी यांसाठी वेगवेगळी पातळी लिहून ठेवता येते आणि झोपेतून उठल्यावर ती पुन्हा लावली जाते. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फोमधून हेच करता येतं, फक्त संगणक सुरू होताना तो प्रोग्रॅम सुरू होईल असं ठेवावं लागतं. तिथे १९३ हा सी१ म्हणून दिसतो आणि आकडे मुळात हेक्समध्ये, म्हणजे सोळावर आधारलेल्या पद्धतीत असतात, ते आधी दशमानात करून घ्या, नाहीतर उगाच घाबराल. काही डिस्क मात्र एपीएमला जुमानतच नाहीत, त्यांच्याबाबतीत हा सगळा खटाटोप व्यर्थ.

सध्या माझ्याकडे चार्जरवर २५४ आणि बॅटरीवर १२८ आहे. वीज गेलेल्या रात्री टक् अजून येतो, पण बॅटरीवर असताना लॅपटॉप हातात उचलला जाण्याची शक्यता जास्त, म्हणून तेवढं सोसतो. प्रुफं शेवटच्या टप्प्यात असतील तर बॅटरीवरही हाताने २५४ लावतो आणि टेबलापासून हलत नाही.

गेल्या दिवाळीत भाचा त्याचा लॅपटॉप घेऊन आला, "मामा, माझ्याही डिस्कला ते तुमचं लावून द्या" म्हणाला. तो हॉस्टेलवर राहतो. लॅपटॉप चालू ठेवूनच जेवायला जातो, मित्राच्या खोलीत नेतो, पलंगावर टाकतो. त्याचा १९३ पाहिला, दीड लाखाच्या आत होता. त्याला खोडरबरांची जोडी दिली आणि डिस्क १२८ वरच राहू दिली.