‘साहेबांचा फोटो वर घ्या’: जेक्वेरी यूआयचा ‘स्टॅक’, गणपती ते रंगपंचमी

शुभेच्छांच्या फ्लेक्सवर रंग थोडा इकडचा तिकडे झाला तर चालतं. साहेबांच्या फोटोवर दुसऱ्या कोणाचा खांदा आला तर चालत नाही. नाशिकमधल्या एका फ्लेक्स छपाईच्या दुकानासाठी केलेल्या मांडणीच्या वेबपानावर जेक्वेरी यूआय या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या ड्रॅगेबलमधला (घटक माउसने ओढू देणारा भाग) ‘स्टॅक’ हा पर्याय, म्हणजे ओढलेला घटक बाकीच्यांच्या वर आणणारी सोय, गणपतीपासून रहाडीतल्या (रंगाच्या हौदातल्या) रंगपंचमीपर्यंत रोज वापरात होता. दहा बाय आठच्या एका बॅनरवर पंधरा ते पंचवीस लेयर असतात: मागचं चित्र, मोठा फोटो, खाली शुभेच्छुकांच्या गोल फोटोंची रांग, नावाच्या पट्ट्या, मंडळाचा लोगो. सगळे माउसने ओढायचे आणि ज्याला ओढाल तो वर आला पाहिजे.

आधी निकाल सांगून टाकतो. सांगितलेलं काम स्टॅक चोख करतो. त्याच्या नावाने जी बोंब होते, तिच्यातली निम्म्याहून जास्त सीएसएसची (पानाचं रूप ठरवणाऱ्या नियमांची) असते. तरीही क्रम जपून ठेवायचा आणि छापायचा असेल त्या पानावरून शेवटी तो काढावाच लागतो.

जोडणी सोपी. प्रत्येक लेयरला एकच क्लास द्यायचा, समजा ‘थर’, आणि ड्रॅगेबल लावताना स्टॅक या पर्यायात ‘.थर’ हा सिलेक्टर (त्या क्लासचे घटक शोधणारी खूण) लिहायचा. पूर्ण जेक्वेरी यूआय उचलून आणायची गरज नाही. त्यांच्या डाउनलोड बिल्डरमधून फक्त ड्रॅगेबल निवडलं की त्याला लागणारे कोअर, विजेट आणि माउस हे भाग आपोआप सोबत येतात.

आत काय चालतं ते एकदा बघून ठेवावं, पुढचे बरेच गोंधळ त्यातूनच सुटतात. ओढणं सुरू झालं की स्टॅक त्या क्लासचे सगळे लेयर गोळा करतो, झेड-इंडेक्सप्रमाणे (कोण वर, कोण खाली ते ठरवणारा आकडा) लहान ते मोठे लावतो, सगळ्यात लहान आकड्यापासून एकेक वाढवत पुन्हा नंबर देतो आणि ओढलेल्याला त्या सगळ्यांच्या वरचा नंबर देतो. तीन लेयर घ्या: गणपती, साहेब, नावपट्टी. सुरुवातीला कोणालाच आकडा नाही, म्हणून तिघेही ० धरले जातात. गणपती ओढला: साहेब १, नावपट्टी २, गणपती ३. मग साहेब ओढले: नावपट्टी २, गणपती ३, साहेब ४. आता साहेब आणि गणपती आलटून पालटून कितीही वेळा ओढा, वरचा आकडा ५ च्या पुढे जात नाही. मात्र सगळ्यात खालचा लेयर ओढला की अख्खी चळत एका अंकाने वर सरकते.

ही सरक दिसायला किरकोळ आहे, पण दिवसभर उघड्या राहणाऱ्या पानावर ती नडते. वरच्या टूलबारला झेड-इंडेक्स १०० दिलाय, बॅनरवर २५ लेयर आहेत आणि खालचाच लेयर उचलून वर आणणं ७५ वेळा झालं, की पुढच्या ओढीला वरचा फोटो १०० वर पोचतो आणि टूलबारशी बरोबरी करतो. आकडा सारखा झाला की पानाच्या एचटीएमएलमध्ये जो नंतर आहे तो वर दिसतो. संध्याकाळी अचानक फोटो टूलबारवर चढतो, पान रिफ्रेश केलं की ठीक होतं, आणि कारण कोणाला सापडत नाही. टूलबारला ९९९९९ देणं हा लोकप्रिय उपाय आहे आणि तो वाईट आहे. बॅनरच्या डब्याला (सगळे लेयर ज्या घटकात आहेत त्याला) सीएसएसमध्ये ‘आयसोलेशन: आयसोलेट’ ही एक ओळ द्या. आतले आकडे आतच राहतात, बाहेर टूलबारला पोझिशन देऊन १ दिला तरी पुरतो.

याच ओळीने दुसरं काम होतं. मागचं चित्र कधीच वर येऊ नये म्हणून त्याला ‘थर’ क्लास द्यायचा नाही, ड्रॅगेबलही लावायचं नाही, झेड-इंडेक्स उणे १ द्यायचा. डबा आयसोलेट नसेल आणि त्याला स्वतःचा पांढरा रंग असेल, तर हे उणे १ वालं चित्र त्या पांढऱ्यामागे जातं आणि गायब झाल्यासारखं वाटतं.

नवीन फोटो टाकताना हमखास घोळ होतो. नव्या लेयरला आकडा नसतो, बाकीचे तोवर बारा-पंधराच्या घरात गेलेले असतात, त्यामुळे नवा फोटो सगळ्यांच्या खाली जातो. गिऱ्हाईक शेजारी बसलेलं असतं, फोटो अपलोड झाला म्हणून पट्टी येते आणि फोटो दिसत नाही. लेयर तयार करतानाच त्याला चालू सर्वांत मोठ्या आकड्याच्या एक वरचा आकडा द्यायचा. आणि क्लास विसरायचा नाही. क्लास नसलेला लेयर ओढला तर वर येतो, पण असे दोन लेयर झाले की दोघांनाही तोच आकडा मिळतो. मग दुसरा कितीही ओढा, एचटीएमएलमध्ये जो नंतर लिहिलेला आहे तोच वर दिसतो.

नुसत्या क्लिकने लेयर वर येत नाही, हे नव्या माणसाला सगळ्यात जास्त खटकतं. स्टॅक जागा होतो तो ओढणं सुरू झाल्यावर. शिवाय ड्रॅगेबल मुळातच इनपुट, टेक्स्टएरिया आणि बटणावरून ओढू देत नाही, म्हणून नावपट्टीत टाइप करायला क्लिक केलं तरी पट्टी दुसऱ्या फोटोखालीच राहते. डब्यावर एकच पॉइंटरडाउन (माउस किंवा बोट दाबल्याचा इव्हेंट) लावायचा, क्लिक झालेल्या जागेपासून जवळचा ‘.थर’ शोधायचा आणि त्याला वर आणायचं. इथे वर आणण्यासाठी तो घटक उचलून एचटीएमएलच्या शेवटी टाकायचा मोह होतो. टाळा. आत आयफ्रेम (पानातलं दुसरं पान) असेल तर ती पुन्हा लोड होते, टाइप करत असलेल्या जागेवरचा फोकस जातो आणि टॅबने फिरण्याचा क्रमही बदलतो. झेड-इंडेक्स बदलल्याने यातलं काही होत नाही.

तिरक्या फोटोंनी फार वेळ खाल्ला. फोटो फिरवायला ट्रान्सफॉर्म लावला की त्या फोटोचा स्वतंत्र स्टॅकिंग कॉन्टेक्स्ट होतो, म्हणजे आतल्या वर-खालीचा हिशेब वेगळा. त्यातल्या लाल फुलीला ९९९९ दिला तरी तो आकडा फोटोच्या आतच चालतो. शेजारचा फोटो वर असेल तर फुलीही त्याच्याखाली झाकली जाते. ट्रान्सफॉर्म नसतानाही तेच होतं, कारण स्टॅकने लेयरला आकडा दिला आणि ड्रॅगेबलने त्याची पोझिशन रिलेटिव्ह केली, की कॉन्टेक्स्ट तयारच. खरा उपाय एकच: निवडलेल्या लेयरची चौकट, कोपऱ्यातले ठिपके आणि फुली लेयरच्या आत न ठेवता डब्याच्या वर वेगळ्या पारदर्शक थरात काढायच्या. त्या थराला पॉइंटर-इव्हेंट्स बंद, फक्त ठिपक्यांना आणि फुलीला चालू.

डावीकडच्या कप्प्यातून फुलं, कमानी, नक्षी ओढून आणायची असेल तिथे हेल्पर (ओढताना माउससोबत फिरणारा घटक) म्हणून क्लोन, म्हणजे मूळ घटकाची प्रत, वापरतात. स्टॅक त्या क्लोनला हात लावत नाही, तो मूळ घटकालाच आकडा देतो. क्लोनसाठी ‘झेडइंडेक्स’ हा वेगळा पर्याय आहे, ओढून होईपर्यंतच चालणारा. त्याच्यासोबत ‘अपेंड टू’ मध्ये बॉडी द्यायलाच हवी. नाहीतर क्लोन मूळ घटकाच्याच पालकात राहतो आणि स्क्रोल होणाऱ्या कप्प्याच्या कडेला कापला जातो. तिथे आकडा कितीही वाढवा, कात्री तीच. रंग निवडायची ओढता येणारी खिडकी मोडल डायलॉगच्या वर आणायचा प्रयत्नही सोडून द्या. शो-मोडलने उघडलेला डायलॉग ब्राउझरच्या टॉप लेयरमध्ये (सगळ्या पानाच्या वरच्या थरात) असतो, तिथे कोणताच झेड-इंडेक्स पोचत नाही. खिडकी डायलॉगच्या आतच ठेवा.

टॅबलेटवर बोटाने काही हलत नाही, कारण ड्रॅगेबल माउसचेच इव्हेंट ऐकतं. टच पंच नावाचं ठिगळ लावून काम निघतं.

स्टॅक काढायची वेळ आली ती ‘एक पायरी मागे’ या बटणामुळे. स्टॅकला फक्त वर आणता येतं, मागे ढकलणं त्याच्या गावी नाही. आणि छपाईची फाइल कॅनव्हासवर (ब्राउझरमधल्या चित्र काढायच्या पाटीवर) बनते. कॅनव्हासला झेड-इंडेक्स कळत नाही, जे आधी काढलं ते खाली. म्हणजे क्रमाची यादी कुठेतरी लागतेच. तर ती यादीच खरी मानायची: लेयरच्या आयडींचा एक ॲरे, पहिला सगळ्यात खाली. पॉइंटरडाउनला आयडी काढून शेवटी टाकायचा, मग पूर्ण ॲरेवर फिरून १, २, ३ असे आकडे लिहायचे. पंचवीस लेयरना हे जाणवतही नाही. आकडा कधीच लेयरच्या संख्येपुढे जात नाही, सेव्ह करताना तोच ॲरे जातो, कॅनव्हासही त्याच क्रमाने रंगतो. साहेबांसाठी वेगळा वरचा ॲरे ठेवला, आधी खालचा मग वरचा असे आकडे दिले, की रांगेतला फोटो चुकून ओढला तरी त्यांच्यावर चढत नाही. ओढण्यासाठी ड्रॅगेबल तेच, फक्त स्टॅकची ओळ नाही.

‘एक पायरी मागे’ मध्ये एक खुबी आहे. यादीतल्या शेजाऱ्याशी अदलाबदल केली तर बहुतेक वेळा काहीच बदललेलं दिसत नाही, कारण तो शेजारी बॅनरच्या दुसऱ्या कोपऱ्यात असतो. ऑपरेटर पाच-सहा वेळा बटण दाबतो आणि मग फोटो भलताच मागे गेलेला असतो. म्हणून यादीत मागे जाताना दोन्ही लेयरचे चौकोन तपासायचे, आणि ज्याच्यावर निवडलेला फोटो खरंच पडतोय असा पहिला लेयर सापडला की त्याच्या मागे जागा द्यायची. तिरक्या फोटोचा चौकोन प्रत्यक्षापेक्षा मोठा मोजला जातो, त्यामुळे क्वचित एक दाब वाया जातो. तेवढं चालतं.

चार-सहा कार्ड, नोंदींच्या चिठ्ठ्या, सेव्ह न होणारा बोर्ड एवढंच असेल तर स्टॅकला पाचपैकी चार तारे. जिथे क्रम छापून चौकात लागणार आहे तिथे दोन.