तपकिरी स्कॅप्युलर: रोवणीपासून तेंदूपत्त्यापर्यंत अंगावर घातल्यानंतर

मागच्या 16 जुलैला, कार्मेल मातेच्या (येशूच्या आईच्या, मारियेच्या) सणाला, फादरांनी विधी करून माझ्या खांद्यांवर तपकिरी स्कॅप्युलर, म्हणजे दोऱ्यांनी जोडलेले कापडाचे दोन छोटे तुकडे, घातलं. त्यानंतर रोवणी झाली, धानकापणी झाली, थंडी गेली, मोहफुलं वेचून झाली आणि आता तेंदूपत्ता सुरू आहे. आम्ही चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावाकडच्या धानपट्ट्यातले. आमच्याकडच्या पुष्कळ बायका सणाला हौसेनं स्कॅप्युलर घेतात आणि आठवड्याभरात पेटीत ठेवून देतात, कारण ते टोचतं, मंगळसूत्रात अडकतं, चिखलात भिजतं. शेतात राबणाऱ्या बाईनं ते दिवसभर कसं घालावं, हे सांगणारं कोणी भेटत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी नियमाचं. लोकरीच्या विणलेल्या कापडाचे दोन छोटे तुकडे, रंग तपकिरी किंवा काळा, आणि त्यांना जोडणाऱ्या दोन दोऱ्या. एक तुकडा छातीवर, एक पाठीवर, दोऱ्या दोन्ही खांद्यांवरून. दोन्ही तुकडे पुढे लोंबत असतील, किंवा अख्खं स्कॅप्युलर पर्समध्ये किंवा उशीखाली असेल, तर ते घातलं असं होत नाही. कपड्याच्या आत घाला की वर, दोन्ही चालतं. अंगाला टेकलंच पाहिजे असं नाही. तुकड्यांवर चित्र असणंही गरजेचं नाही. दोरी कशाचीही चालते, आणि ही सूट आमच्या उन्हाळ्यात फार कामाची आहे, ते पुढे सांगते. पहिल्यांदा मात्र फादरांच्या हातून विधीनंच घालून घ्यावं लागतं. एकदा तो विधी झाला की जुनं फाटल्यावर नवं तसंच घालता येतं, पुन्हा विधी लागत नाही.

माझ्याकडे दोन होती. एक सणाच्या दिवशी चर्चच्या सिस्टरांकडून घेतलेलं, हातानं शिवलेलं. दुसरं भाच्यानं मोबाईलवरून मागवून दिलेलं, चकचकीत, कडेला सोनेरी जर, पाकिटावर ‘शुद्ध लोकर’ असं छापलेलं. मला पहिल्या दिवसापासून ते कापड नायलॉनसारखं निसरडं वाटत होतं. कडेचा एक धागा उसवून काडी लावून पाहिला. लोकर जळली तर केस जळाल्यासारखा वास येतो आणि राख चिमटीत चुरगळते. हा धागा वितळला आणि त्याचा काळा कडक मणी झाला. सिस्टरांच्या स्कॅप्युलरचा धागा जाळला तेव्हा केसांचा वास आला. ज्यांना ऑनलाइन घ्यायचं आहे त्यांनी ही काडीची परीक्षा नक्की करावी. लोकरीची अट जुनी आहे आणि पाकिटावरच्या छपाईनं ती पूर्ण होत नाही.

आता रोवणी. धानाच्या बांधीत दिवसभर वाकून पऱ्हे (रोपं) लावायचे, म्हणजे पुढचा तुकडा ब्लाउजच्या गळ्यातून बाहेर येतो आणि चिखलावर झुलतो, मागचा सरकत मानेपर्यंत चढतो. मंगळसूत्राचे काळे मणी दोरीत गुंततात ते वेगळंच. मी आधी लांबी मापून घेतली. सरळ उभं राहिल्यावर पुढचा तुकडा छातीच्या हाडावर आणि मागचा दोन फऱ्यांच्या मधोमध आला पाहिजे. दुकानातलं बहुतेक लांब असतं, त्यामुळे पुढचा तुकडा पोटाकडे उतरतो. दोरी तेवढी आखूड केली. मग आमच्या टेलरबाईकडून ब्लाउजच्या आत, दोन्ही खांद्यांच्या शिवणीला, टिचबटणाच्या छोट्या पट्ट्या लावून घेतल्या. दोरी पट्टीत अडकवायची, बटण दाबायचं. दोऱ्या खांद्यांवरच राहतात, मानेकडे येत नाहीत, आणि दिवसभर वाकलं तरी तुकडे जागचे हलत नाहीत. मंगळसूत्र ब्लाउजच्या वर, स्कॅप्युलर आत, म्हणजे गुंतण्याचा प्रश्नच मिटला. नव्या ब्लाउजांचा मागचा गळा मी थोडा उंच शिवून घेते. खर्च नावापुरता आहे, पण एवढ्या एका गोष्टीनं स्कॅप्युलर पेटीतून अंगावर येतं.

पावसात लोकर ओली राहते आणि दुसऱ्या दिवशी वास मारते. रात्री चुलीजवळ, पण आचेपासून लांब, टांगायचं. धुवायला रिठ्याचं गार पाणी. गरम पाणी नको, लोकर आटते आणि तुकडा वाकडा होतो. पिळायचं नाही, फडक्यात दाबून सावलीत वाळवायचं. पहिल्या दोन-तीन धुण्यांत तपकिरी रंग निघतो, तेव्हा पांढरं ब्लाउज घालू नये. धुतलेलं पाणी मी मोगऱ्याच्या आळ्यात ओतते. तसा नियम नाही, पण आशीर्वाद दिलेल्या वस्तूचं पाणी मोरीत जाऊ नये असं मला वाटतं.

आंघोळीला, धुण्याला किंवा दवाखान्यात ईसीजीला काढलं तर काही बिघडत नाही, झाल्यावर लगेच घालायचं. नेमाला मोडता आला म्हणून घाबरून दोन बायांनी कायमचंच सोडून दिलं, हे मला फार वाईट वाटलं. मध्ये खंड पडला तरी पुन्हा खांद्यांवर घेता येतं.

खरी कसोटी उन्हाळ्याची. चंद्रपूरचा पारा 45 च्या वर जातो आणि तेंदूपत्ता तर मे महिन्यातच तोडायचा. खांद्यावर लाल चट्टे उठले, घामोळ्या आल्या. मला वाटायचं लोकर टोचते. नीट पाहिलं तर तुकड्यांखालची कातडी साफ होती, चट्टे दोरीच्या रेघेवर होते. दोरी प्लॅस्टिकसारखी, घाम न पिणारी. बाजाराच्या दिवशी करदोड्याचा सुती गोफ आणला आणि दोऱ्या बदलल्या. चट्टे गेले. गोफ काळा घेतला नाही, मुद्दाम पांढरा घेतला. काळा दोरा दिसला की आमच्या गावात तो नजरेचाच ठरतो.

ही नुसती रंगाची गोष्ट नाही. बांधीवर बायकांनी मला विचारलंच होतं, “कोण्या बाबानं देल्ला व हा गंडा? गुण येते का?” मी त्यांना सांगितलं की हा गंडा नाही, ही कार्मेल मातेची वस्त्रं आहेत. पूर्वी मठातले साधू झग्यावर खांद्यांवरून पुढे-मागे सोडलेलं लांब कापड घालत. मठवासीयांसाठी लिहिलेल्या संत बेनेडिक्टच्या नियमात त्याचा उल्लेख कामाच्या वेळी घालायचं वस्त्र असाच आहे. आपल्या छातीवरचा हा तुकडा त्याच कापडाचं लहान रूप. म्हणून चिखलात, घामात, कामाच्या वेळी ते अंगावर असणं मला सगळ्यात योग्य वाटतं. फक्त रविवारच्या मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) नव्या साडीवर घालण्याची ही वस्तू नाही.

परंपरा सांगते की 1251 साली कार्मेल संघातल्या संत सायमन स्टॉकला मातेनं हे वस्त्र दिलं आणि ते घालून मरण पावणाऱ्याला नरकाची आग लागणार नाही असं वचन दिलं. माझा त्यावर विश्वास आहे. पण पाप करत राहायचं आणि दोन फडकी वाचवतील असं समजायचं, हे चर्च शिकवत नाही. अशा वस्तू आपल्याला कृपेसाठी तयार करतात, बाप्तिस्मा, पापकबुली अशा संस्कारांची जागा घेत नाहीत. मातेचं वस्त्र घालून शेजारणीशी बांधावरून भांडताना मला लाज वाटायला लागली, दिवसातून एकदा तरी जपमाळ व्हायला लागली. मला आलेला गुण म्हणाल तर हाच.

आमचा चांदा (चंद्रपूर) धर्मप्रांत 1962 मध्ये कार्मेलाइट, म्हणजे कार्मेल मातेच्या संघाच्या, फादरांकडे सोपवला गेला, बल्लारपूरला त्याचं केंद्र आहे. हे फादर केरळातल्या मान्नानमला 1831 मध्ये सुरू झालेल्या संघाचे, ज्याचे एक संस्थापक संत चावरा. तेव्हा या भागात विधीसाठी कोणाला शोधत फिरायची गरज नाही. सणाचीच वाट पाहायचीही गरज नाही, कोणत्याही दिवशी फादरांना विचारता येतं.

माझे मालक राइस मिलवर आहेत. पट्ट्यांच्या आणि चाकांच्या जवळ गळ्यात दोरी नको, हे त्यांचं म्हणणं मला पटलं. त्यांच्यासाठी पदक आहे. पोप दहावे पायस यांनी 1910 मध्ये कापडाच्या जागी धातूचं पदक घालायला किंवा जवळ बाळगायला परवानगी दिली, एका बाजूला येशूचं पवित्र हृदय, दुसऱ्या बाजूला माता. विधी आधी कापडाच्या स्कॅप्युलरनंच झालेला असावा लागतो, आणि कापडासारखी सूट इथे नाही: पदक हरवलं तर नव्या पदकाला पुन्हा आशीर्वाद घ्यावा लागतो. मालक ते पाकिटात ठेवतात आणि घरी आल्यावर कापडाचं घालतात. झोपेत दोरी गळ्याभोवती जाण्याची भीती असल्यामुळे तान्ह्या बाळाला मात्र रात्री घालू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

सिस्टरांकडचं माझं पहिलं स्कॅप्युलर एप्रिलमध्ये कडेनं विरलं. आशीर्वाद दिलेलं असल्यामुळे ते कचऱ्यात टाकत नाहीत, जाळतात किंवा पुरतात. मी परसात चाफ्याखाली पुरलं आणि त्यांच्याकडूनच दुसरं घेतलं. येत्या सणाला घेणार असाल तर सिस्टरांना आधीच सांगून दोरी सुती लावून घ्या आणि ती थोडी लांबच ठेवा. आखूड घरी करता येते, लांब करायला पुन्हा उसवावी लागते.