चिमणीसाठी मडकं की खोकं?

धाकट्या वहिनींनी परवा विचारलं, "बाल्कनीत चिमणीला घर करायचंय. मडकं टांगू की खोकं ठोकू?" मी दोन्ही करून पाहिलंय.

पैशाने मडकं स्वस्त. खरी मेख भोकात आहे. चिमणीला सव्वा इंच, म्हणजे ३२ मिलिमीटर पुरतं. फार मोठं झालं की साळुंकी डोकावते. भाजलेल्या मडक्याला ड्रिल लावलं आणि माझी दोन तडकली. शेवटी कुंभारालाच सांगितलं, कच्चं असतानाच भोक पाड. फळीला भोक पाडायला पाच मिनिटं.

मडकं पावसात फुगत नाही, पण वाऱ्यात झोके घेतं आणि गॅलरीच्या गजावर आपटलं की संपलं. भिंतीला दोरीने घट्ट आवळा. साधं प्लायवूड दोन पावसाळ्यांत पापुद्रे सोडतं. सुताराकडचे सागाचे तुकडे मिळाले तर बघा. आतून रंग नको. दाराशी बसायला काडी तर नकोच, चिमणीला तिची गरज नसते, कावळ्याची मात्र सोय होते.

साफसफाईत खोकं सरळ जिंकतं. पिल्लं साधारण १५ दिवसांत उडतात, मागे पिसवांनी भरलेलं गवत उरतं. झाकणाला बिजागरी असली की घरटं रिकामं झाल्यावर काढून टाकता येतं. मडक्यात हात जात नाही.

भाड्याच्या घरात, हत्यारं नसताना मडकं. स्वतःची सावलीतली भिंत असेल आणि दरवर्षी चिमण्या याव्यात असं वाटत असेल तर खोकं. वहिनींना मी खोकंच सांगितलं, त्यांच्याकडे ड्रिल आहे.