साताऱ्यात फॅन लोकांचा फ्लेक्स कुठं करावा: मोती चौकाजवळचं दुकान, पाचपैकी चार तारे

हिरोच्या वाढदिवसाला फ्लेक्स लावणारी पोरं हिरोच्या फोटोसाठी पैसे मोजत नाहीत. तो नेटवर फुकट मिळतो. वर्गणी निघते ती खालच्या पट्टीसाठी, 'शुभेच्छुक'खाली आपल्या तोंडाला मिळणाऱ्या नऊ इंचांसाठी. या दुकानाला हे पक्कं कळलंय. हिरो कोण हे नंतर, डिझाइनवाल्याचा पहिला प्रश्न असतो, "खाली किती जण?"

हिशोब सरळ आहे. दहा बाय आठचा फ्लेक्स म्हणजे रुंदी 120 इंच. फ्रेमवर वळवायला दोन्ही बाजूंना 3-3 इंच सोडले की उरतात 114. नऊ इंचांचे 11 चेहरे आणि मध्ये दीड-दीड इंच जागा, की पट्टी बरोबर भरते. बारावा आला की सगळ्यांना बारीक करा नाहीतर दुसरी ओळ टाका, आणि दुसऱ्या ओळीत जायला कोणीच तयार नसतं. खालच्या कडेचे 3 इंचही हे दुकान न विसरता मोकळे ठेवतं. स्वस्तातले छापणारे ते सोडत नाहीत. मग सुतार फ्लेक्स लाकडी पट्टीवर ओढून पिना मारतो तेव्हा वर्गणी देणाऱ्यांच्याच हनुवट्या मागं जातात.

दुसऱ्याच्या मोठेपणाला आपण चिकटायचं, हेच मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी 1976 साली अमेरिकेतल्या कॉलेजांत दाखवलं होतं. आपल्या विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला की सोमवारी पोरं विद्यापीठाच्या नावाचे कपडे जास्त घालून यायची. जिंकलो तर 'आम्ही', हरलो तर 'ते'. मैदानात यातलं कोणी उतरलेलं नसायचं. फ्लेक्सवर तर कपड्याचीही गरज नाही, चेहराच थेट हिरोच्या बुटांशी चिकटतो.

वरचा मजकूरही बघण्यासारखा. 'आमचे लाडके दादा', 'भाईंना उदंड आयुष्य'. दादांना या अकरांतल्या एकाचंही नाव माहीत नाही. अशा एकतर्फी जवळिकीवर हॉर्टन आणि वोल या अभ्यासकांनी 1956 सालीच लिहून ठेवलंय, तेव्हा टीव्ही नवा होता. पुढं 2002 साली मॅकचन आणि सहकाऱ्यांनी भक्ती मोजायची प्रश्नावली केली. तिच्यात तीन पायऱ्या: मित्रांत गप्पा नि करमणूक, मग 'तो माझाच' ही ओढ, आणि शेवटी त्यानं सांगितलं तर बेकायदा कामही करू, इथवर. अकरा जणांचा फ्लेक्स आमच्या मते पहिल्याच पायरीवरचा. ती दोस्तांची सहल आहे, हिरो निमित्त. एकटाच येऊन, स्वतःचा फोटो नको म्हणून फक्त हिरोचा फ्लेक्स नेणारा असतो, काळजी करायची तर त्याची.

फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नेटवरचा 800 पिक्सेल रुंदीचा हिरो सहा फुटांवर ताणला की इंचाला जेमतेम 11 पिक्सेल पडतात. लांबून चालतं, पण पोवई नाक्यावर जवळच थांबलेल्या माणसाला नाकाच्या जागी फरश्या दिसतात. प्रूफ, म्हणजे छापण्याआधीचा नमुना, मोबाईलवर येतं, ते मोठं करून वाचा. 'अभीष्टचिंतन'चा 'अभिष्टचिंतन' आणि 'हार्दिक'चा 'हार्दीक' इथंही होतो. फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की फॉन्ट बदलून रफार भलत्याच अक्षरावर बसतो, त्यामुळं शेवटची दुरुस्ती झाल्यावर प्रूफ पुन्हा मागा.

दर चौरस फुटावर; डिझाइन, फ्रेम आणि लावणावळ वेगळी. छापल्या छापल्या गुंडाळून देऊ नका म्हणावं. शाई ओली असली की काळा भाग चिकटून सोलतो. घडी तर घालूच नये, पांढरी रेघ उमटते ती जात नाही.

एक तारा कापला तो परवानगीसाठी. नगरपालिकेचा परवाना क्रमांक आणि मुदत कोपऱ्यात टाकायची का, हे दुकान विचारतच नाही. आपण दिलं तर टाकतं. बेकायदा होर्डिंगवरचा उच्च न्यायालयाचा जानेवारी 2017 चा निकाल ज्या याचिकेवर आला ती साताऱ्याच्याच सुस्वराज्य फाउंडेशनची, तेव्हा इथल्या छापणाऱ्यानं तरी विचारायला हवं. 100 मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी (फ्लेक्सचं प्लास्टिक) बॅनरवर 1 जुलै 2022 पासून बंदी आहे, जाडी विचारून घ्या. आणि वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी जाऊ नका, तेव्हा खालची पट्टी घाईत होते.