कंपनीचं वर्कशॉप सोडून ब्रेक बाहेर केले: 8 महिन्यांचा अनुभव

जानेवारीत ताम्हिणी उतरताना पुढच्या डाव्या चाकातून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज यायला लागला. मागच्या सीटवर आई होती. दुसऱ्या गिअरवर, इंजिनच्या जोरावर गाडी कशीबशी खाली आणली. ते वीस मिनिटं मी अजून विसरलेलो नाही, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

गाडी 2019 ची पेट्रोल हॅचबॅक, तेव्हा 58 हजार किलोमीटर झालेली. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक (चाकासोबत फिरणारी चकती, तिला दोन बाजूंनी पॅड दाबतात), मागच्यांना ड्रम ब्रेक (आतून शू दाबतात). वॉरंटी संपली तरी प्रत्येक सर्व्हिस अधिकृत वर्कशॉपमध्येच केली होती. पुण्यात परतल्यावर तिथेच नेली. एस्टिमेट 11,400 रुपये: पॅड, दोन्ही डिस्क, ब्रेक ऑइल, लेबर. डिस्क कशासाठी, असं विचारलं तर ॲडव्हायझर म्हणाला, "सर, आम्ही जोडीनंच बदलतो." डिस्क किती झिजली हे कुणी मोजलंच नव्हतं. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं माप, लावायला दोन मिनिटं लागतात. मी गाडी उचलली आणि सावकाश चालवत घराजवळच्या गॅरेजमध्ये नेली.

तिथल्या काकांनी माझ्यासमोर चाक खोललं, पॅड काढले आणि माझ्या हातात दिले. बाहेरच्या पॅडवर 6 मिलिमीटर मटेरियल शिल्लक होतं. आतल्यावर शून्य, नुसता पत्रा. "साहेब, पॅडचा दोष नाही. पिन जाम झालीय," ते म्हणाले.

आता या पिनांबद्दल. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत कॅलिपरला, म्हणजे पॅड धरून दाबणाऱ्या भागाला, पिस्टन एकाच बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच जोरानं कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून आणतो. पिन गंजली की कॅलिपर सरकत नाही. आतला पॅड एकटा राबतो, ब्रेक सोडला तरी डिस्कला चिकटून राहतो. पॅडची मापं बघून हे लगेच कळतं. उपाय म्हणजे पिना काढून, पुसून, सिलिकॉन ग्रीस लावायचं. साधं ग्रीस चालत नाही, त्यानं रबरी बूट फुगतात. माझ्या डाव्या पिनांवर ग्रीसचा थेंब नव्हता, एक तर पान्ह्यानं फिरवून काढावी लागली. आणि मागच्या तिन्ही सर्व्हिसच्या बिलांवर "ब्रेक क्लीनिंग ॲण्ड ग्रीसिंग" म्हणून 590-590 रुपये लावलेले आहेत. बिलं फायलीत आहेत. 1,770 रुपये गेले याचा राग आहेच, पण घाटात आई गाडीत होती, त्याचा जास्त आहे.

गॅरेजचा खर्च: कंपनीचेच ओरिजिनल पॅड नाना पेठेतून 1,950, पिनांचं किट 260, डॉट 4 दर्जाचं ब्रेक ऑइल 300, दोन्ही डिस्कचं लेथवर फेसिंग (घासून सपाट करणं) 600, मजुरी 900. एकूण 4,010. डिस्क नवी असताना 17 मिलिमीटरची, किमान मर्यादा 15, फेसिंगनंतर 16.1 उरली. ओरिजिनल पार्ट बाहेर मिळतो का, असं अनेकजण विचारतात. मिळतो. 2014 मध्ये स्पर्धा आयोगानं 14 मोटार कंपन्यांना सुमारे 2,544 कोटींचा दंड केला तो याच मुद्द्यावर, सुटे भाग खुल्या बाजारात येऊ देत नाहीत म्हणून.

चार महिने ब्रेक इतके छान लागत होते की मी ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटलो, वर्कशॉपची पायरी चढू नका. ते आता मागे घेतो.

मे महिन्यात त्याच गॅरेजमध्ये मागचे ब्रेक शू बदलले. काका गावी गेले होते, काम पोरांनी केलं, मी समोर नव्हतो. साताऱ्याला जाताना खंबाटकी चढल्यावर जळका वास आला. उजवा ड्रम हात लावता येणार नाही इतका तापलेला. हँडब्रेक जास्त ओढून ॲडजस्ट केला होता, शूही लोकल निघाले. काकांनी परत आल्यावर ओरिजिनल शू घातले, एक रुपया घेतला नाही. पण बिल नव्हतं. त्यांनी हात वर केले असते तर मी काय दाखवणार होतो?

जुलैत एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, दिवा लागला. काकांच्या स्कॅनरला एबीएसचं युनिट वाचता येईना. मन मारून वर्कशॉपला गेलो. त्यांनी अर्ध्या तासात कोड काढला, चाकाच्या स्पीड सेन्सरच्या कनेक्टरमध्ये चिखल गेला होता. साफ करून 708 रुपये, पक्कं बिल. काम चोख, बोलणंही नीट.

त्यामुळे आता एबीएस आणि वायरिंग वर्कशॉपला, पॅड, शू, ऑइल काकांकडे, तेही ते स्वतः असतील तेव्हाच आणि हातानं लिहिलेलं का होईना, बिल घेऊन. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलाच. ते हवेतली ओल शोषतं, आणि डॉट 4 चा उत्कलनबिंदू 230 अंशांवरून 155 पर्यंत उतरू शकतो; लांब उतारावर पेडल मऊ पडायला तेवढं पुरतं. कुठेही गेलात तरी जुने पॅड परत मागा आणि आतला-बाहेरचा शेजारी ठेवून बघा. वर्कशॉपमध्ये मी मागच्या वेळचे मागितले होते, तेव्हा "स्क्रॅपमध्ये गेले" म्हणाले होते.

परवा 9,400 किलोमीटर झाल्यावर डावं चाक मुद्दाम खोलून घेतलं. नवे पॅड 10 मिलिमीटरचे होते. आतला 7.8, बाहेरचा 8. पिना बोटानं सरकत होत्या.