१०८ : मुळगावात रात्री आलेली गाडी

सेवा : गोव्याची १०८ रुग्णवाहिका. माझ्याकडून पाचपैकी पाच.

डिचोलीच्या बाजारात माझं रंगाचं दुकान आहे. एक लिटरचा डबा घेतानाही गिऱ्हाईक चार प्रश्न विचारून घेतं. १०८ बद्दल मात्र मी कधी कुणाला काही विचारलं नव्हतं. लागेल तेव्हा बघू, एवढंच. तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या रात्री ती लागली, माझ्या अडीच वर्षांच्या लेकीसाठी. घरात लहान मूल असलेल्या प्रत्येकाला हे आधी ठाऊक असावं म्हणून सविस्तर लिहितोय.

लेकीला दोन दिवस साधी सर्दी होती, अंग जरासं कोमट. संध्याकाळी एका खासगी दवाखान्यात दाखवून आणलं. अँटिबायोटिक आणि खोकल्याचं औषध मिळालं. रात्री काय होऊ शकतं, काय दिसलं तर धावत यायचं, याबद्दल तिथे कुणी चकार शब्द काढला नाही. माझी तक्रार आहे ती एवढ्याचीच. सर्दीचं मूल घेऊन आलेल्या आईबापाला दोन वाक्यं सांगायला कितीसा वेळ लागतो?

रात्री दोनला मला जाग आली ती भुंकण्यानं. अंगणात कुत्रं शिरलं असं वाटून दिवा लावला, तर आवाज खाटेवरून येत होता. लेक उठून बसली होती आणि खोकत होती. खोकला थांबला की श्वास आत ओढताना दुसराच आवाज यायचा, ओल्या लाकडातून करवत ओढावी तसा. श्वास सोडताना काही नाही, फक्त घेताना.

बायकोनं तिच्या फ्रॉकची बटणं काढली. लेकीच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला एक मणी आहे. तो जिथे टेकतो तिथे, छातीच्या हाडाच्या अगदी वर, दर श्वासाला खळगा पडत होता. मणी त्यात बुडायचा, वर यायचा, पुन्हा बुडायचा. बरगड्यांच्या मधली कातडीही आत ओढली जात होती. ती रडतसुद्धा नव्हती. डोळे मोठे करून आमच्याकडे बघत होती, एवढंच.

पुढची पाच मिनिटं आम्ही वाया घालवली. माझ्या आईनं वाफ द्यायला गॅसवर पाणी चढवलं. मी ओळखीच्या एका रुग्णालयात फोन लावला, तर मुलांचे डॉक्टर सकाळी नऊला येतात असं उत्तर आलं. मग मी स्कूटरची किल्ली उचलली. बायको दारात आडवी उभी राहिली. "अहो, स्कूटरवर हिला मी धरू कशी? अस्नोड्यापर्यंत पोचायच्या आत श्वास थांबला तर तुम्ही काय करणार आहात?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिनंच १०८ लावला.

फोन लगेच उचलला गेला. पलीकडच्या बाई कोकणीत बोलत होत्या. बायको सावंतवाडीची, घाबरून मराठीत बोलायला लागली, तर त्याही मराठीत आल्या. गाव कुठलं, जवळची खूण काय, मूल केवढं? मग भराभर : शुद्धीवर आहे का, ओठ निळे पडलेत का, आवाज फुटतोय का, तोंडातून लाळ गळतेय का, खाता-खेळताना काही गिळलं होतं का?

शेवटच्या प्रश्नाला आम्हा दोघांच्या पोटात गोळा आला. वृंदावनात खोवलेल्या चिंचेच्या नि आवळ्याच्या फांद्या अजून तशाच होत्या आणि दिवसभर ही अंगणातच खेळत होती. पण झोपेपर्यंत तर ती बरी होती, जेवली होती, गाणंही म्हणाली होती. तसं सांगितल्यावर बाई पुढे सरकल्या. हे प्रश्न का विचारतात ते मला नंतर कळलं. चिंचोका किंवा दाणा नळीत अडकला तर धडधाकट मूल एका क्षणात घुसमटतं. वर्षापुढच्या मुलाचा आवाजच फुटत नसेल, खोकताही येत नसेल, तर गाडी येईपर्यंत थांबायचं नसतं, पाठीवर पाच थापा आणि बेंबीच्या वर पाच दाब आळीपाळीनं द्यायचे असतात. आणि लाळ गिळता येत नसेल, जोराचा ताप असेल, तर घशातली ती सूज आणखी निराळी आणि फार घातकी.

मग बाईंनी सांगितलं : मांडीवर बसतं धरा, आडवं करू नका, घशात बोट घालू नका, तोंड उघडून बघू नका, आणि रडू देऊ नका. माझी आई बोटाला पदर गुंडाळून कफ काढायच्या तयारीतच होती. ती थांबली. वाफेचं पाणीही उतरवलं. उकळतं पाणी आणि हातपाय झाडणारं मूल एकत्र नकोत, आणि या आजारात वाफेचा काही उपयोग होत नाही, हे रुग्णालयातही सांगितलं गेलं.

पत्ता सांगताना घोळ झाला, आणि तो सर्वस्वी आमचा. आमच्या फाटकावर नाव नाही की नंबर नाही. केळबाईच्या देवळाकडून पुढे, फणसाकडे वळून, हे दिवसा ठीक. रात्री फणस कुठला दिसतोय? शेजारचे काका बनियनवरच बॅटरी घेऊन मुख्य रस्त्यावर जाऊन उभे राहिले, म्हणून गाडी न चुकता वळली. फोन ठेवल्यापासून अठरा मिनिटं झाली होती. घड्याळ मी पाहत होतो, दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते.

गाडी फाटकाशी आली तेव्हा भोंगा बंद होता. तपासणारा मुलगा असेल पंचविशीचा. आत आला आणि सरळ जमिनीवर मांडी घालून बसला, लेकीच्या नजरेला नजर येईल असा. बायकोला म्हणाला, "भिवूं नाका, हांव आसां." म्हणजे घाबरू नका, मी आहे. लेकीला त्यानं हात लावला नाही. आधी मिनिटभर नुसता ऐकत बसला, मणी बुडतो ते बघत. मग प्राणवायू मोजायचा चिमटा काढला आणि बोटाला नाही, पायाच्या अंगठ्याला लावला, पांघरुणाखालून, तिला दिसणार नाही असा. आकडा ९३ होता.

मला वाटलं आता उचलून नेतील, झोपवतील, मास्क बांधतील. त्यानं यातलं काही केलं नाही. मास्क बायकोच्या हातात दिला, "तुम्हीच धरा, नाकापासून जरा लांब, ओढून घेतला तर घेऊ दे." लेक आईच्या मांडीवरून एकदाही खाली उतरली नाही. घरातून गाडीपर्यंत आईच्या कडेवर, गाडीत आईच्या कुशीत. चालकाला ते लोक पायलट म्हणतात. त्या पायलटनं थिवीपर्यंत एकही खड्डा जोरात घेतला नाही. मला आधी त्याचा राग येत होता, पळव की गाडी म्हणून. खरं तर तो बरोबर होता.

का बरोबर, ते म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात डॉक्टरांनी कागदावर दोन गोल काढून समजावलं. एवढ्या लहान मुलाची श्वासनळी मुळात अरुंद. समजा ती ४ मिलिमीटर आहे आणि आतून सगळीकडून १ मिलिमीटर सूज आली, तर वाट उरते २ मिलिमीटर. आपल्याला वाटतं निम्मी झाली, म्हणजे दुप्पट जोर लागेल. लागतो तो सोळा पट. त्यात मूल रडलं की श्वास जोरानं ओढतं, आणि जितका जोर तितकी ती मऊ नळी आणखी आत ओढली जाते. म्हणून अशा मुलाला न रडवणं हाच पहिला उपचार. गाडीतल्या त्या तपासणाऱ्या मुलानं आमच्या घरात जमिनीवर बसून जे केलं, ते निव्वळ मायेनं नव्हतं, शिकून केलेलं होतं. माया होतीच.

आजाराचं नाव क्रूप. सर्दीचा विषाणू, बहुतेक वेळा पॅराइन्फ्लुएन्झा, स्वरयंत्राच्या खाली सूज आणतो. साधारण सहा महिने ते तीन वर्षं या वयात जास्त, आणि रात्रीच बळावतो. विषाणूचाच आजार, म्हणून अँटिबायोटिक बंद करायला सांगितलं. वजन करून डेक्सामेथासोन हे सूज उतरवणारं औषध तोंडानं एकदाच दिलं. ते चढायला काही तास लागतात, म्हणून तोवर आराम पडावा यासाठी मशीनमधून ॲड्रेनालिनचा फवारा, तोही आईच्या मांडीवरच. अर्ध्या तासात करवतीचा आवाज गेला. मी लगेच घरी जायचं विचारलं, तर डॉक्टर म्हणाल्या नाही. फवाऱ्याचा असर दोनेक तासांत ओसरतो, तेव्हा सूज परत दिसली तर मूल इथेच असायला हवं. चार तास ठेवलं. उजाडल्यावर बाहेर पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला आणि लेक घोगऱ्या आवाजात म्हणाली, "उंडो." तिला तो गोल पाव हवा होता. बायको तेव्हा पहिल्यांदा रडली.

पैशांचं सांगतो, कारण सगळे आधी तेच विचारतात. गाडीचा एक रुपया लागला नाही. म्हापशाला उतरताना मी पायलटच्या हातात पाचशेची नोट कोंबायला गेलो, त्यानं माझीच मूठ मिटवली. घरी परतताना गाडी आपली आपण करायची. आम्हाला भाचा न्यायला आला. त्यात गैर काही नाही, ती गाडी तोवर दुसऱ्या कुणाच्या तरी अंगणात गेली असेल.

दुसऱ्या रात्री खोकला परत आला, तसाच भुंकणारा. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, म्हणून आधी मण्याकडे पाहिलं. मणी जागच्या जागी होता. शांत बसल्यावर श्वासाला आवाज नव्हता, पाणी पीत होती, ओठ गुलाबी. अर्धा तास तिला शालीत घेऊन बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, बसलो, थंड हवेनं काही मुलांना बरं वाटतं म्हणून. खांद्यावरच झोपली. फोन केला नाही. पण शांत असतानाही आवाज येत असेल, खळगा पडत असेल, ओठ निळसर-करडे दिसत असतील, मूल मलूल पडत असेल किंवा लाळ गिळता येत नसेल, तर स्कूटर काढू नका, ओळखीच्या डॉक्टरांचे नंबर शोधत बसू नका. १०८ लावा आणि मूल मांडीवर घ्या.

आमच्या फ्रिजवर आता एक कागद आहे : गाव, वाडा, देवळापासून कितवं घर, लेकीचं वजन. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ता आठवत नाही, हे मी स्वतः पाहिलंय. फाटकावर मी दुकानातल्या पांढऱ्या ऑइल पेंटनं घराचा नंबर काढला, वीतभर उंचीचे आकडे, गाडीच्या दिव्यात लांबून दिसतील असे. संध्याकाळी शेजारचे काका आले, बराच वेळ आकड्यांकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, डब्यात उरलाय का रे थोडा? उद्या आमच्याही फाटकावर काढ.